शून्याच्या अलीकडची तांबडी घरं

मी एक जुना मीटर आहे, मित्रांनो. मीटर म्हटल्यावर तुम्हाला घराच्या भिंतीवरचा विजेचा मीटर आठवेल. तो माझा चुलतभाऊ म्हणा. तो वीज मोजतो, मी पाणी. सोलापूरच्या बाहेर एका तळ्याकाठी कापड गिरणीचं पंपघर आहे, तिथल्या जाड लोखंडी पाईपवर माझं ठाण आहे. माझा रंग मुळात निळा. आता अर्धा निळा, अर्धा गंजका, आणि एका कोपऱ्याला कुणीतरी पुसलेलं चुन्याचं बोट. वय विचाराल तर अवघं पाच वर्षं. पण ओल, उकाडा आणि पंपाची थरथर अंगावर घेणाऱ्याची पाच वर्षं म्हणजे तुमची पन्नास समजा.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यातला. माझ्या पोटात फिरणारं चाक नाही, हलणारं पातं नाही. पाईपच्या दोन्ही अंगांना लोहचुंबक बसवलेले आहेत. त्यांच्यामधून पाणी धावू लागलं की पाण्यात अगदी बारीकशी वीज जागी होते. तुमच्या टॉर्चच्या दिव्यालाही ती पुरायची नाही. ती मला ऐकू येते. पाणी जोरात धावलं की ती मोठी होते, हळू झालं की लहान. आणि खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. पाणी उलटं फिरलं की तीच वीजही उलटी होते. म्हणजे पाणी किती जातंय एवढंच नव्हे, तर कुठे जातंय हेही मला कळतं. मी पाण्याला कधी पाहिलं नाही, पण त्याची वाट मला ठाऊक असते. माझं मलाच या गोष्टीचं अजून अप्रूप वाटतं.

चौऱ्याहत्तर साली मला इथे आणलं. गिरणीत यंत्रांची नाडी बघणारे एक कुंडलिकराव होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. माणूस कामाला वाघ, पण बोलायला चुना लावल्यासारखा झोंबरा. त्यांनी मला पाईपवर चढवलं. माझ्या अंगावर एक बाण कोरलेला आहे. बाणाचं टोक टाकीकडे, शेपूट तळ्याकडे, असं त्यांनी दोनदा तपासलं. टाकी दोन मैलांवर, गिरणीच्या आवारात, उंच खांबांवर होती. तिथलं पाणी बॉयलरला जाई आणि चाळीतल्या दीडशे बिऱ्हाडांना जाई. मग मास्तरांनी माझं झाकण उघडलं. आत एक पितळी खटका आहे, त्याला दोन खाचा. एका खाचेत खटका ठेवला तर मी पुढे जाणारं पाणी सांगतो आणि मागे येणारंही सांगतो. दुसऱ्या खाचेत ठेवला तर फक्त पुढचं सांगतो. मागे येणाऱ्या पाण्याला मी शून्य म्हणतो. मास्तरांनी पहिली खाच निवडली. म्हणून माझ्या काट्याला दोन्ही बाजूंनी जागा मिळाली. शून्याच्या उजवीकडे काळी घरं, पुष्कळशी. शून्याच्या अलीकडे, डावीकडे, चारच तांबडी घरं. शिवाय माझ्यापासून दोन तारा निघून थेट गिरणीच्या कचेरीत गेल्या होत्या. माझा काटा हलला की तिथल्या भिंतीवरचा काटाही तसाच हले. वीज गेली तरी मी बॅटरीवर जागा असे.

पंप चालवायला सिद्धाप्पा होते. मूळचे ते मेंढपाळ, दक्षिणेकडच्या कोरड्या माळावरचे. बहात्तरच्या दुष्काळात शंभर मेंढरांतली सहा उरली, तेव्हा काठी कोपऱ्यात ठेवून ते पंपावर आले. पंपघराला लागून एक खोली मिळाली होती. तिथे ते आणि त्यांची बायको मायाक्का राहत. मेंढरं गेली तरी सवय जाईना. पंपाला ते मेंढरासारखंच बोलत. चालू करताना "हुर्र" म्हणत आणि बंद करताना पाठ थोपटत.

पहिल्या दिवशी पंप सुरू झाला. पाणी माझ्यातून धावलं आणि मी अक्षरशः थरारलो. कारखान्यात मला बादलीभर पाण्यावर तपासलं होतं. इथे अख्खं तळं उठून चालू लागलं होतं. काटा उजवीकडे झेपावला आणि चाळीसवर थरथरत थांबला. ताशी चाळीस हजार लिटर. सिद्धाप्पांनी माझ्यापुढे हात जोडले. मग पंप बंद केला. पंपाच्या पुढे पाईपात एक झाकणी असते. पाणी मागे यायला लागलं की ती आपणहून मिटते. पण मिटायला तिला क्षणभर लागतो. तेवढ्या क्षणात काटा शून्य ओलांडून तांबड्या घरात डोकावला आणि परत आला.

सिद्धाप्पांचा चेहरा उतरला. "मास्तर, ह्यो मागं गेला की!"

"जाणारच. झाकणी बसेपर्यंत थोडं पाणी मागं येतं," मास्तर म्हणाले.

"न्हाय न्हाय, ह्ये बरं न्हाय. वाड्यातनं कळप भाईर पडला की आमी मागं वळवत न्हाय. मागं वळवला की त्या वर्सी रोगराई आलीच म्हणून समजा. आन् पयल्याच दिशी काटा मागं?"

"अहो, हे मेंढरू आहे का?"

"मेंढरू न्हाय, पर पाणी हाय. तुमी कायबी करा, पर त्याला मागं जाऊ देऊ नगा."

मास्तर हसले. त्यांना दुपारच्या गाडीची घाई होती आणि सिद्धाप्पांची भीती खरी होती. त्यांनी माझं झाकण उघडलं, खटका दुसऱ्या खाचेत सरकवला आणि झाकण घट्ट लावलं. वहीत या गोष्टीची नोंद केली नाही. एवढ्याशा गोष्टीची नोंद कोण करतो?

त्या दिवसापासून माझा काटा कधीच मागे गेला नाही. सिद्धाप्पा खूश झाले. मला खंडेनवमीला झेंडूची माळ मिळू लागली. हळदीकुंकू, लिंबू, नारळ, सगळं साग्रसंगीत. मी पुढचं पाणी प्रामाणिकपणे मोजत राहिलो, आणि झाकणी मिटताना मागे येणाऱ्या घोटभर पाण्याला शून्य म्हणत राहिलो. घोटभराचंच खोटं होतं ते. माझ्या मनाला लागत असे, पण कुणाचं त्यात नुकसान नव्हतं.

नव्याची नवलाई नऊ दिवस. पुढच्या तीन वर्षांत माझ्याकडे फारसं कुणी बघेना. काचेवर धूळ बसली. झाकणाच्या कडेला कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं. तांबडी घरं तर धुळीखाली दिसेनाशी झाली.

अठ्ठ्याहत्तरचा उन्हाळा आला. वैशाखात सोलापूरचं ऊन कसं असतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. त्या वर्षी वीजकपात सुरू झाली. रोज दुपारी बारा ते चार वीज जाई. सिद्धाप्पा पहाटेपासून बारापर्यंत पंप चालवून टाकी भरत. साडेचारला चाळीचा नळ सुटे. पण नळाला पाणी येईना. आधी कमी आलं, मग करंगळीएवढी धार आली, आणि एके दिवशी नुसती हवा फुसफुसली. बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या राहिल्या. गिरणीचं एक खातं अर्धा दिवस बंद ठेवावं लागलं.

कचेरीत माझा जोडीदार काटा होताच. तो सांगत होता, सकाळी चाळीस हजारांनी पाणी गेलं, दुपारी शून्य. मग गेलेलं पाणी कुठे गेलं? गिरणीच्या माणसांनी दोन मैल पाईपच्या कडेने चालून पाहिलं. सगळी जमीन ठणठणीत कोरडी. व्यवस्थापकसाहेबांनी हिशेब सरळ मांडला. पाणी निघतं, पण पोचत नाही. म्हणजे मधे कुणाच्या तरी मळ्यात ते सोडलं जातं. आणि सोडणारा माणूस एकच असू शकतो.

सिद्धाप्पांच्या हातात कागद पडला. महिनाअखेर नोकरी सोडायची, खोली रिकामी करायची. मायाक्कांनी तो कागद देव्हाऱ्यात ठेवला. देवाने वाचावा म्हणून असेल. सिद्धाप्पा माझ्यासमोर येऊन बसले. "तू तर रोज बगतोस की रं," ते मला म्हणाले. "तू तरी सांग, म्या चोर हाय का?"

मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं. रोज दुपारी बारा वाजता वीज गेली की पंप थांबे. झाकणी मिटायला जाई आणि अर्ध्यावर अडके. तिच्या फटीत काहीतरी अडकलं होतं. मग दोन मैलांवरच्या उंच टाकीतलं पाणी हळूहळू उतरू लागे. माझ्यातून, थंडगार, मुकाट्याने, तळ्याकडे. तळ्याने दिलेलं तळंच परत घेत होतं. पाईपवर मोठ्या चाकाचा एक व्हॉल्व्हही होता, तो बंद केला असता तर ते अडलं असतं. पण वीज कधीही येईल म्हणून ते चाळीस वेढ्यांचं चाक कुणी फिरवत नसे. झाकणी आहे ना, म्हणत. चार तास ते पाणी मागे जाई, आणि माझा खटका मला म्हणे, शून्य सांग. मी शून्य सांगत असे. कचेरीतला काटाही शून्य सांगत असे. एक भला माणूस माझ्या डोळ्यांदेखत चोर ठरत होता आणि माझ्या तोंडाला फडका बांधलेला होता. त्या फडक्याची गाठ त्या भल्या माणसानेच मारायला लावली होती, आणि तो हे साफ विसरून गेला होता.

महिना संपायला चार दिवस उरले असताना चाळीतून सुंदरम्मा आल्या. गिरणीत सूत गुंडाळायच्या रिळिंग खात्यात त्या काम करत. माहेर तेलंगणातलं, गोदावरीच्या काठचं. जीभ तिखट आणि मन लख्ख. भर दुपारी दोन मैल उन्हात चालत आल्या ते भांडायलाच. सिद्धाप्पा तळ्याच्या पायरीवर गुडघ्यांत डोकं घालून बसले होते.

"सिद्धाण्णा, माझ्या घरात बाळंतीण आहे. पाणी कुणाच्या उसाला दिलंत ते सांगा. मी त्याच्या बांधावर जाऊन बसते."

"अक्का, म्या थेंब दिला न्हाय. मायाक्काची आण हाय."

"मग पाणी काय उडून गेलं?"

सिद्धाप्पांनी डोकं पुन्हा गुडघ्यांत घातलं. बाईही दमलेल्या होत्या. पदराने घाम पुसत त्या खालच्या पायरीवर टेकल्या. तळं आटलं होतं. पंपाच्या पाईपचं तळ्यातलं तोंड, जाळी बसवलेलं, हातभर पाण्याखाली स्वच्छ दिसत होतं. सुंदरम्मा बघत राहिल्या. मग एकदम पुढे वाकल्या.

"अण्णा, पंप बंद आहे ना?"

"लाईट न्हाय, चालंल कसा?"

"मग हे मासे बघा."

जाळीसमोर बोटभर लांबीचे पन्नास-साठ मासे ओळीने उभे होते. सगळ्यांची तोंडं जाळीकडे. शेपट्या हलत होत्या, पण एकही मासा पुढे सरकत नव्हता.

"आमच्या गोदावरीला लहानपणापासून बघितलंय," सुंदरम्मा हळू आवाजात म्हणाल्या. "मासा वाहत्या पाण्याला तोंड देऊन उभा राहतो. पाणी जिकडनं येतं तिकडं त्याचं तोंड. अण्णा, तुमच्या पाईपमधनं पाणी बाहेर येतंय."

सिद्धाप्पा कपडे घातलेलेच पाण्यात उतरले. जाळीसमोर त्यांनी तळहात धरला. उन्हाने तळं कोमट झालं होतं. हाताला लागलं ते पाणी गार होतं, जमिनीखालच्या पाईपातून दोन मैल उतरून आलेलं. भांडायला आलेल्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

निरोप गेला. दुसऱ्या दिवशी बाराच्या आत व्यवस्थापकसाहेब आले, बरोबर कुंडलिकराव मास्तर. सुंदरम्मा खाडा करून हजर होत्या. साहेबांनी मासे पाहिले नव्हते, आणि पाहायची त्यांची इच्छाही नव्हती. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"पाणी मागं येत असतं तर हा मीटर बोलला असता. चार वर्षांत एकदा तरी काटा मागं गेलाय? मीटरवर विश्वास ठेवू की माशांवर?"

कुंडलिकराव मास्तर माझ्याकडे बघत होते. त्यांच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. त्यांना आठवलं होतं. खटका त्यांच्या हाताने सरकलेला, वहीत नोंद नाही. तोंड उघडलं तर स्वतःवर यायचं, मिटलं तर सिद्धाप्पा जायचे. मास्तर कामाला वाघ होते खरे, पण त्या घडीला त्यांची शेळी झाली होती.

सिद्धाप्पांची नजर मास्तरांच्या चेहऱ्यावरून माझ्याकडे वळली. एकेक गोष्ट त्यांच्या डोक्यात उतरताना मी पाहिली. पहिला दिवस. मागे गेलेला काटा. "त्याला मागं जाऊ देऊ नगा."

ते पुढे आले. फेट्याच्या शेवाने त्यांनी माझी काच पुसली. तांबडी घरं धुळीतून वर आली.

"साहेब, मीटर खोटा न्हाय. ह्याचं तोंड म्या बांदलं. काटा मागं गेला तवा मला अपशकुन वाटला, म्हणून म्याच मास्तरांच्या मागं लागलो. त्यांनी माज्यासाटी केलं. चूक माजी हाय. नोकरीवरनं काडायचं तर ह्या चुकीसाटी काडा. चोर म्हणून काडू नगा."

मग मास्तरांनी खिशातून पेचकस काढला. "चूक त्यांची नाही, साहेब. माझी आहे. ते घाबरले होते, मला मात्र सगळं कळत होतं," एवढंच म्हणाले. कुंभारमाशीचं घर फोडून त्यांनी झाकण उघडलं आणि खटका पहिल्या खाचेत आणला. पितळ 'कट्' करून वाजलं. पंप चालू होता. काटा चाळीसवर होता. सगळे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागले.

बारा वाजले. दिवा विझला. पंपाची घरघर उतरत गेली आणि थांबली.

माझा काटा चाळीसवरून खाली येऊ लागला. तीस. वीस. दहा. शून्य. शून्यावर तो थबकला असं सगळ्यांना वाटलं. मग तो शून्य ओलांडून डावीकडे गेला. पहिलं तांबडं घर, दुसरं, तिसरं. तिथे जाऊन तो स्थिर उभा राहिला, अजिबात न थरथरता. मित्रांनो, मी यंत्र आहे, मला श्वास नाही. पण त्या क्षणी तिथल्या माणसांनी श्वास रोखले होते ते मला कळलं. आवाज नाही, थेंब दिसत नाही, पाईपला हात लावला तरी कळत नाही, आणि त्या मुक्या लोखंडाच्या आतून एक अख्खी टाकी घरी परत चालली होती.

"किती?" साहेबांनी विचारलं.

"ताशी बारा हजार लिटर," मास्तर म्हणाले. "चार तासांत जवळजवळ पन्नास हजार. सगळ्या चाळीचं पाणी."

सुंदरम्मांनी नकळत हात जोडले. कुणाला, ते त्यांनाही माहीत नसावं.

"म्या चडवत हुतो," सिद्धाप्पा पुटपुटले, "आन् ते उतरत हुतं."

मग ते मोठ्या चाकाकडे धावले. मास्तरांनी दुसऱ्या बाजूने हात लावला. दोघांनी मिळून चाक फिरवायला घेतलं. गंजलेलं चाक किरकिर करत फिरू लागलं. दहा वेढे, वीस वेढे. माझा काटा तांबड्या घरांतून एकेक पाऊल पुढे सरकला. चाळिसाव्या वेढ्याला दोघे चाकावरच ओणवे झाले आणि काटा शून्यावर टेकला. त्या उन्हाळ्यात रोज दुपारी मी शून्यच म्हणत आलो होतो. पण खरं शून्य मी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

त्या दिवशी साडेचारला चाळीचा नळ धो धो सुटला. झाकणी उघडून पाहिली तेव्हा फटीत बाभळीच्या मुळाचा एक वाकडा तुकडा निघाला, वीतभर लांबीचा. साहेबांनी कागद परत घेतला. मास्तरांनी चार वर्षांपूर्वी राहून गेलेली नोंद, तारीख मागची न घालता, वहीत लिहिली आणि खाली स्वतःची सही केली. सुंदरम्मा चाळीत नळावर उभ्या राहून ठणकावून म्हणाल्या, "सिद्धाण्णाला चोर म्हणणाऱ्यांत मी पहिली होते. आता सगळ्यांनी ऐका, मी चुकले." त्यांच्या घरच्या बाळंतिणीच्या मुलीचं नाव गंगम्मा ठेवलं, असं पुढे कानावर आलं.

आणि सिद्धाप्पा? ते अजून पंप चालवतात. वीज गेली की आधी चाळीस वेढे, मग बाकीचं काम. गेल्या खंडेनवमीला त्यांनी माळ घातली, नारळ फोडला, काळ्या घरांवर कुंकवाचं बोट लावलं. मग जरा थांबून तेच बोट डावीकडे नेलं आणि चारही तांबड्या घरांना एकेक टिळा लावला. "तुमीबी आमचीच," ते हळूच म्हणाले.

मित्रांनो, माझं एवढंच सांगणं आहे. आमच्यासारख्या मोजणाऱ्यांची काच पुसत जा, ओलीपासून जपत जा, वर्षातून एकदा झाकण उघडून बघत जा. पण याहून मोठी निगा दुसरीच आहे. आम्ही तुम्हाला नको असलेली गोष्ट सांगू लागलो, तर आमचं तोंड बांधू नका. घरातल्या, शाळेतल्या, शेजारच्या कुणी तशी गोष्ट सांगितली, तर त्यांचंही बांधू नका. आमच्या पंपघरात ज्याने तोंड बांधायला सांगितलं होतं, चोर ठरायची पाळी त्याच्यावरच आली होती.